त्या सापाला मी दूध पाजले नाही

आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात एक विनोदी लेख आला आहे. भारतातून आलेले एक हट्टी काका नागपंचमीला मुलाच्या घरातील पाळीव सापाला वाटीभर दूध पाजतात आणि साप मरतो, अशी त्याची कथा. नाव कोणाचेच दिलेले नाही. पण अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये साप पाळणारे मराठी घर मला तरी एकच ठाऊक आहे, आणि त्या घरातला हट्टी काका मी. लेखकाला मी फोन केला. तो म्हणाला, "काका, गंमत आहे हो, एवढं मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतले आहे. साप दूध पीत नाही, हे नागपुरात भर नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीशेजारी उभा राहून मी लोकांना सांगत असे, तेव्हा हा लेखक जन्मलाही नसेल. शिवाय नागपंचमी श्रावणात येते आणि आमचा साप जानेवारीत गेला. ज्याला महिनाही तपासावासा वाटत नाही, त्याने दुसऱ्याच्या घरातील मृत्यूवर लिहू नये.

माझा मुलगा सांगतो की साप म्हातारा होऊन गेला. सून सांगते की काचपेटीचा थर्मोस्टॅट जुना होता, तो बिघडला असणार. ही दोन्ही माणसे सज्जन आहेत आणि दोघांचेही म्हणणे चूक आहे. खरे काय घडले ते मला ठाऊक आहे, आणि दुधाच्या गोष्टीपेक्षा ते मला कितीतरी अधिक कमीपणा आणणारे आहे.

मुलगा येथे एम.एस. करीत असताना हा साप त्याच्याकडे आला. खोलीतला एक अमेरिकन सोबती शिक्षण संपवून गेला आणि बोटाएवढे नारिंगी पिल्लू मागे ठेवून गेला. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीचे, बिनविषारी. मुलाचे लग्न झाले, मुलगी झाली, तीन घरे बदलली, आणि साप प्रत्येक घरात बरोबर गेला. पत्नी गेल्यावर २००३ साली मी कायमचा येथे राहायला आलो, तेव्हा बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी चार फुटांची काचपेटी आणि तीत हा पंधरा वर्षांचा प्राणी. पत्नीने फोटोत पाहून त्याला 'जनावर' म्हटले होते. मीही तेच म्हणू लागलो. नातीने त्याला ठेवलेले नाव मी कधी उच्चारले नाही.

दिवसभर घरात आम्ही दोघेच असू. सून हसून म्हणे, "आमच्याकडे दोन सीनियर सिटिझन आहेत, दोघांनाही थंडी सोसत नाही." एका डोळ्यावर पडदा येऊन त्याला कमी दिसू लागले होते, मोतीबिंदू माझ्याही डोळ्यात होताच. हळूहळू त्याची देखरेख माझ्याकडे आली. मी ती खात्याच्या शिस्तीने केली. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढली आहेत. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक वही आखली: तारीख, वेळ, उबदार बाजूचे तापमान, थंड बाजूचे तापमान, पाणी, सही. सकाळी सात आणि दुपारी तीन. नातीला प्रथम हसू आले, मग तिला ती वही आवडू लागली. शाळेतून आली की ती आधी वही पाहत असे, मग साप. दुपारी पुस्तक वाचताना तो माझ्या मनगटाला वेटोळे घालून बसे. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

२००६ च्या जानेवारीत नातीची वादविवाद स्पर्धा दुसऱ्या शहरात होती. मुलगा आणि सून तिला घेऊन शुक्रवारी संध्याकाळी निघाले, रविवारी दुपारी परतणार होते. निघण्यापूर्वी नातीने सापाला उंदीर खाऊ घातला आणि मला बजावले, "आजोबा, आता दोन दिवस त्याला हात लावू नकोस. आणि गरम ठेव, नाहीतर त्याला डायजेस्ट होणार नाही." ती मला अरे-तुरे करते, तिच्या तोंडी ते वावगे वाटत नाही. मी वहीवर बोट ठेवून म्हटले, "वही माझ्याकडे आहे ना? मग काळजी कसली?"

शनिवारी सकाळी फोन आला. माझे एकेकाळचे मुख्य अभियंता आपल्या मुलीकडे आले होते आणि ती आमच्यापासून दहा मिनिटांवर राहत होती. साहेब मुलगी-जावयाला घेऊन दुपारी चहाला येऊ म्हणाले. मी आनंदाने होकार दिला, फोन ठेवला आणि काचपेटीकडे पाहिले.

मला लाज वाटली. सापाची नव्हे, तर साहेब नागपूरला परतून काय सांगतील, याची. हा माणूस एके काळी धरणे बांधीत होता, आता मुलाच्या घरी साप सांभाळतो, असे ते क्लबात सांगतील आणि लोक हसतील. पन्नास वर्षांत कमावलेले एक चित्र होते, ते मला एका चहापायी मोडायचे नव्हते. मी सापाला उशीच्या अभ्र्यात घातले, अभ्र्याला गाठ मारली, तो झाकणाला भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवला आणि खोका गॅरेजमध्ये नेला. वरच्या मजल्यावर माझी खोली उबदार होती. पण गुडघे दुखत होते आणि दोनच तासांचा प्रश्न होता. दिव्याखालच्या रिकाम्या पेटीबद्दल साहेबांनी विचारले, तेव्हा मी सांगितले की नातीने पूर्वी मासे ठेवले होते.

चहा झाला, पोहे झाले, जुन्या गोष्टी निघाल्या. साहेबांनी मुद्दाम गेजरीडरची गोष्ट काढायला लावली. ती मी अनेकदा सांगितलेली आहे. एका धरणावर पावसाळ्यात पाण्याची पातळी दर तीन तासांनी पट्टीवर पाहून लिहायची असे. आमच्या गेजरीडरने एकदा चार नोंदी घरी बसून लिहिल्या. त्याची मुलगी तापाने फणफणली होती. मी त्याला निलंबित केले. तो रडला, तेव्हा मी म्हणालो होतो की मुलीचे आजारपण मी समजू शकतो, कल्पनेने लिहिलेला आकडा समजू शकत नाही. साहेबांनी मांडीवर थाप मारली आणि जावयाला म्हणाले, "अशी माणसं होती आमच्याकडे." त्या वेळी सापाला गॅरेजमध्ये साडेतीन तास झाले होते.

संध्याकाळी बर्फाळ पाऊस सुरू झाला. साहेबांच्या मुलीने आग्रह धरला, काका एकटे कशाला राहता, जेवायला चला आणि तिथेच झोपा, रस्ते गोठले तर कोणी तुम्हाला सोडू शकणार नाही. मी स्वेटर घातला आणि निघालो.

आता जो भाग येतो तो मी स्वतःशीही बराच काळ वेगळा सांगत आलो. मी विसरलो, असे. तिच्या घराच्या दारापर्यंत मी खरोखरच विसरलो होतो. जेवायला बसलो तेव्हा यजमानीण हीटर वाढवीत म्हणाली, "बाहेर तीसच्या खाली जाणार आज." तीस फॅरनहाइट, म्हणजे पाणी गोठते त्याच्याही खाली. आणि मला आठवले. घास हातात होता. अजून सातच वाजले होते, रस्ते ओले होते, गोठले नव्हते. एवढेच म्हणायचे होते की मला घरी सोडा, एक साप गॅरेजमध्ये राहिला आहे. मग मासे कुठून आले तेही सांगावे लागले असते. मी वरणभातावर तूप वाढून घेतले आणि मनाशी म्हणालो की जंगलातले साप थंडी काढतातच. जंगलातला साप अठरा वर्षे काचेत दिव्याखाली राहत नाही, हे मला माहीत होते. उंदीर त्याच्या पोटात आहे, हेही.

रविवारी सकाळी त्यांनी मला घरी सोडले. अभ्रा उघडला तेव्हा तो ओल्या दोरखंडासारखा हाताला लागला. मी त्याला तासभर दिव्याखाली, माझ्या छातीशी, स्वेटरच्या आत धरून बसलो. मग उठून त्याला पेटीतल्या त्याच्या नेहमीच्या लाकडी आडोशाखाली वेटोळे करून ठेवले. खोका जागेवर ठेवला, अभ्रा धुवायला टाकला. आणि वही उघडून शनिवारी तीन, रविवारी सात, अशा दोन वेळा लिहिल्या. उबदार बाजू चौऱ्याऐंशी, थंड बाजू पंचाहत्तर. सही केली. माझे अक्षर नेहमीपेक्षा जरा चांगलेच आले होते.

दुपारी नातीने त्याला पाहिले. तिने आधी वही वाचली, मग पेटीचे झाकण काढले. ती ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "मी त्याला इतका मोठा उंदीर द्यायला नको होता." मी तिच्या शेजारी उभा होतो.

मुलाने घरामागच्या लाल चिकणमातीत खड्डा खणला. मी आत जाऊन नाण्यांच्या बरणीत तांब्याचे नाणे शोधले. हल्लीचे एक सेंटचे नाणे वरून तांबे आणि आतून जस्त असते, म्हणून जुने शोधावे लागले. ते मी सापाच्या तोंडाशी ठेवले. आयुष्यभर अशा गोष्टींची टिंगल करणाऱ्या माणसाने हे केले, याचे सगळ्यांना कौतुक वाटले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून मंडळात आणखी एक हकिकत फिरू लागली, की काकांनी सापाचे सगळे अगदी प्रेमाने केले. तीही मला मान्य नाही.

मार्चमध्ये नातीला शाळेत निबंध लिहायचा होता. विषय तिनेच निवडला होता: तिचा साप आणि तिचे आजोबा. पहिले पान तिने मला वाचून दाखवले. त्यात तो माझ्या सोबतीने शांतपणे गेला, असे होते. तिने जास्त खाऊ घातले म्हणून गेला, असेही होते. मग तिने पेन्सिल हातात घेऊन विचारले, "आजोबा, ते कॉपर कॉइन कशासाठी असतं?"

परंपरा म्हणून, असे सांगता आले असते. तिने ते लिहून घेतले असते आणि तो विषय कायमचा मिटला असता. मी म्हणालो, "आमच्या गावी माणसाच्या हातून नाग मारला गेला, तर त्याच्या तोंडात तांब्याचं नाणं ठेवून त्याला अग्नी देत. आपोआप मेलेल्या सापाचं कोणी काही करत नसे."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मी गॅरेजचे सांगितले, साहेबांचे सांगितले. म्हणालो, मी विसरलो.

"पूर्ण वेळ? सकाळपर्यंत तुला एकदाही आठवलं नाही?"

चौतीस वर्षांत मी अनेक चौकशा केल्या आहेत. इतका नेमका प्रश्न मला एकाही चौकशीत सुचला नव्हता. मी म्हणालो, "जेवताना आठवलं होतं. सात वाजता."

"मग?"

"साहेबांना सांगायची लाज वाटली."

ती उठून वर गेली. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरते बोलली, तेही इंग्रजीत. मुलाला वाटले, वय आहे, होते असे. मी त्याला काही सांगितले नाही आणि तिनेही नाही. निबंध तिने बदलला. त्यात काय लिहिले ते मी विचारले नाही.

मग एका रविवारी ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. पान उघडलेले होते. "हे खोटं आहे ना? दुरुस्त कर."

मी तिला सांगितले की खात्यात चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारतात, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो; वर खरे लिहितात आणि सही करतात. ती म्हणाली, "मग तसं कर." मी दोन्ही ओळींवर रेघ मारली. वर लिहिले: साप गॅरेजमध्ये. तापमान पाहिले नाही. मोतीबिंदूमुळे रेघ वाकडी आली. ती माझ्या खांद्याशी उभी राहून सही होईपर्यंत पाहत होती. मग वही मिटून घेऊन गेली.

गेल्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला गेली. वही तिच्याबरोबर गेली की नाही, हे मला ठाऊक नाही. येथील कपाटात ती नाही. ती दर रविवारी फोन करते, प्रेमाने बोलते. तिने मला क्षमा केली आहे का, हे मी विचारलेले नाही. त्या गेजरीडरनेही मला काही विचारले नव्हते. त्याच्या मुलीचा ताप उतरला का, याची चौकशी मी केली नाही, हे या वर्षी प्रथम माझ्या लक्षात आले.

संपादकांनी पुढील अंकात खुलासा छापावा. दूध नव्हते. म्हातारपण नव्हते, थर्मोस्टॅट उत्तम चालत होता, आणि उंदीरही मोठा नव्हता. खाली माझी सही घ्यावी.