वेटरमार्फत

आमच्याकडे हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायच्या जागेला लॉज म्हणतात, आणि तिथे कोण उतरलंय हे विचारायचं नसतं. कर्जतच्या बाजूला फार्महाऊस बघायला आलेले मुंबईचे लोक रस्त्यात गाडी थांबवून "इथे चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारतात, आणि आम्ही त्यांना प्रामाणिकपणे मिसळीच्या दुकानाचा पत्ता देतो. बायकोपोरं आणि बॅगा घेऊन ते तिथे पोचतात. यात चूक कोणाची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बंद पडलेल्या हॉटेलांची आठवण काढून गळा काढणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यातली निम्मी शेवटची काही वर्षं तिथे फिरकलेलीही नसतात. खोपोली स्टेशनाजवळची खानावळ गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. तिचं मटण चिवट असायचं. हे आता कोणी कबूल करत नाही. रसायनीला कारखान्याच्या गेटासमोर एक इडलीवाला होता. कारखान्याची माणसं कमी झाली तसा त्याच्या इडलीपात्राचा आकारही कमी होत गेला आणि एक दिवस तो दिसेनासा झाला. जुन्या हायवेवर घाट चढायच्या आधी गाड्या थांबायच्या तेव्हाची कितीतरी हॉटेलं एक्स्प्रेसवे झाल्यावर आपोआप बसली. हॉटेल हा धंदा आहे, देऊळ नव्हे. गिऱ्हाईक संपलं की शटर खाली येणारच.

एका हॉटेलाची मात्र मला आठवण येते, आणि ती खाण्यामुळे नाही. तिथली उसळ जरा खारटच असायची. खोपोलीत, जुन्या हायवेला लागून ते होतं. मी साजगावच्या एका कारखान्यात नोकरीला होतो तेव्हापासून सकाळी तिथे जायचो. माझा थोरला भाऊही जायचा. मी त्याला दादा म्हणत असे. मधली काही वर्षं मी त्याला काहीच म्हणत नव्हतो, कारण आमचा अबोला होता.

अबोल्याचं कारण आमच्या तालुक्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. वडिलांच्या मागे आमची भाताची जमीन होती. दादाला विकायची होती, मला नव्हती. बांधावर, चार माणसांदेखत, आम्ही एकमेकांना नको ते बोललो. त्याने त्याचा वाटा विकला. पुढे मीही विकला, त्याच माणसाला. आम्ही जिथे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजायचो तिथे आता पोहायचा तलाव आहे. भांडायला जमीन उरली नाही, अबोला तेवढा शिल्लक राहिला.

हॉटेल कोणी सोडायचं हाही एक प्रश्न होता. त्याने सोडावं असं मला वाटायचं, मी सोडावं असं त्याला. शेवटी दोघंही जात राहिलो आणि दोन वेगळ्या टेबलांवर बसू लागलो. मध्ये एक खांब होता. हॉटेलात वर्तमानपत्र मात्र एकच यायचं. पहिल्याच आठवड्यात दादाने वेटरला हाक मारली आणि खांबाकडे बघत म्हणाला, "त्यांना इचार, आतलं पान वाचून झालं काय?"

आमच्या घराण्यात ही रीत जुनीच आहे. अबोला असला तरी संसार थांबत नाही, म्हणून मध्ये तिसरं कोणीतरी लागतं. आमच्या आईने आणि काकूने एक अख्खा पावसाळा मांजरामार्फत काढला होता. "मने, सांग गं तुझ्या काकूला, दूध उतू चाललंय." मांजर जागचं हलत नसे, पण काकू दूध उतरवायची. शिवाय अबोल्यात माणूस एकदम आदरार्थी होतो. ज्याला जन्मभर अरे-तुरे केलं त्याला 'त्यांना' म्हणायला लागतो.

वेटर दक्षिणेकडचा, वयस्कर, आणि स्वभावाने कडू. त्याला हा प्रकार पटेना. "ते ऐकले ना आता. परत मी काय बोलू?" असं तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. आमची टेबलं इतकी जवळ होती की दादा चहा फुंकायचा तेही मला ऐकू यायचं. पण ऐकणं वेगळं आणि सांगितलेलं असणं वेगळं. मी त्याला म्हटलं, "आईकलं मी. पन तू सांगितलं नायस ना." त्याने कपाळाला हात लावला, खांबाला वळसा घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पान मागतात." मी पान दिलं.

त्या दिवसापासून तो आमचं मांजर झाला. फरक इतकाच की मांजर निरोप कापत नाही. हा कापायचा. एकदा मी चांगला लांबलचक निरोप दिला, की थंडीचा खोकला वाढतोय तर त्यांनी थोडे दिवस पुण्याला मुलाकडे जावं, हवा बदलेल, बरं वाटेल. वेटर तिकडे गेला आणि म्हणाला, "पुण्याला जा म्हणतात." दादा भडकला. "त्यांना सांग, मी माझ्या पैशाचा चाय पितो, मला हाकलनारे ते कोन?" पुढे बरेच दिवस तो वर्तमानपत्र आधी धरून ठेवायचा आणि राशिभविष्यासकट वाचून मगच सोडायचा.

पण कामाचं सगळं पोचायचं. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, माझ्या मुलीचं लग्न, डॉक्टरने त्याची साखर बंद केली ते. वहिनी गेली तेव्हा मी गेलो, तिरडीला खांदा दिला, बाराव्यापर्यंत राबलो. दादाने माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. नंतर हॉटेलात आला तेव्हा वेटरला म्हणाला, "त्यांना सांग, बाराव्याचं जेवन बरं झालं." वेटरने निरोप तंतोतंत आणला, एकही शब्द कापला नाही. मी उसळ तशीच टाकून उठलो.

हॉटेलाचा मालक थकला होता आणि त्याच्या मुलांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं. एका सकाळी शटर बंद दिसलं. वर खडूने लिहिलं होतं, 'काही दिवस बंद'. असं लिहिलेलं हॉटेल पुन्हा उघडलेलं मी पाहिलेलं नाही. वेटर गावाला निघून गेला. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतं?

मी दुसरी जागा शोधायला लागलो. निदान बायकोला मी तसं सांगितलं. एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलमध्ये मागच्या वाटेने जाऊन बसलो. तिथे सगळं जग घाईत असतं आणि वड्याची चव घाईचीच असते. पिझ्झावाल्यांकडे गेलो, तिथल्या खुर्च्या अशा उंच की माझे पाय लोंबकळत होते. मिसळीची एक साखळी आहे, तिची दुकानं हल्ली सगळीकडे निघाली आहेत. चव कुठेही गेलात तरी तीच, अगदी तीच, आणि हाच तिचा दोष आहे असं माझं मत. पण प्रत्येक ठिकाणी मी आत शिरलो की आधी टेबलं बघायचो. दादा कुठेच नव्हता.

"त्यांच्या घरी जा की," बायको म्हणाली. दादा खोपोलीत फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. फ्लॅट काही लांब नव्हता. पण घरी जाणं म्हणजे आपण होऊन आधी बोलणं, आणि ते माझ्याने होईना. मला भीती वेगळीच होती. आमच्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागतो, हार घातलेला फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. रोज सकाळी मी नाक्यावरून जाताना आधी फ्लेक्स वाचू लागलो. वाढदिवसाचा आहे की दुसरा, हे लांबून कळत नाही. दोन्हींत माणूस गॉगल लावूनच असतो. माझा सख्खा भाऊ गेल्याचं मला असं, रस्त्यावर उभ्याने कळणार, ही भीती होती. मला त्याची आठवण येत होती. तेही मी कोणाला सांगितलं नाही.

त्या मिसळीच्या साखळीचं एक दुकान मग खोपोलीत पेट्रोल पंपाशेजारी निघालं. एसी, काचा, आणि सेल्फ सर्व्हिस. काउंटरवर आधी पैसे द्यायचे, नाव सांगायचं, हाक आली की आपला ट्रे आपण आणायचा. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा मी आडनाव सांगितलं. कारखान्यात आडनावाच्या हाकेवर जन्म गेल्यावर माणसाला स्वतःचं नाव पटकन आठवत नाही. मी कोपऱ्यात जाऊन बसलो.

हाक आली. मी उठलो. काचेच्या पार्टिशनपलीकडून आणखी एक जण उठला.

दादा होता. शर्ट त्याच्या अंगावर हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. काउंटरवर ट्रे एकच होता, मिसळ आणि पाव. दोघांनी मागवलेलं तेच, आडनाव तेच.

"कोणाची?" मुलीने विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मुलीला म्हणाला, "त्यांना सांग, त्यांनी घ्यावी. मी थांबतो."

मुलीला काही उमगलं नाही. मी तिला म्हटलं, "त्यांना सांग, ते आदी आले असतील. त्यांचीच आसंल."

"काका, तुम्ही दोघं इथेच उभे आहात ना?" ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा. बाजूला व्हा प्लीज." आणि तिने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आम्ही ट्रेसकट बाजूला झालो. आजूबाजूला वेटर नव्हता, मांजर नव्हतं. भिंतीवर टीव्ही होता, त्याच्यामार्फत बोलता येण्यासारखं नव्हतं. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. घड्याळ कोपरापर्यंत सरकेल इतकं सैल झालं होतं.

"दादा, लई उतरलास रं तू," मी म्हटलं.

त्याने घड्याळ मनगटावर वर ओढलं. "दिवाळीच्या आदी ॲटॅक येऊन गेला. पोरगा पुन्याला घेऊन गेला व्हता. परवाच आलो."

मला राग आला. इतका की आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरची दोन पोरं वळून बघायला लागली. "आनि मला कळवलं नायस?"

"कळवनार कुनाच्या हाती?" तो म्हणाला. "हॉटेल बंद झालं व्हतं ना."

मी ट्रे उचलला आणि त्याच्या टेबलाकडे निघालो. इथे वाढायला दुसरं कोणी नसतं.