गाणारी घरी गेली तेव्हा

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे आले ती सहा महिन्यांसाठी. इथे आपल्या लोकांत पद्धतच आहे, बाळ झालं की सहा महिने एक आजी, मग सहा महिने दुसरी. पण माझे महिने संपत आले तरी विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकेना. तिकडे माझ्या लेकीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि माहेरी आईच नाही.

एका संध्याकाळी मुलानं कागद पुढे केला. "आई, इथे सही कर." मी केली. आपण चौथी शिकलेल्या, काय विचारायचं, असं मला नेहमी वाटे. तो माझा मुक्काम वाढवायचा फॉर्म होता, हे पाठवून झाल्यावर कळलं.

बाहेर बर्फ. गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही. सून घरूनच काम करी आणि मधल्या वेळात एका इंग्लंडच्या गायिकेची गाणी लावी. "आई, ही स्वतःच लिहिते, चालही स्वतःच लावते. पहिली सीडी आली तेव्हा शाळेतून नुकतीच बाहेर पडली होती." आता ती अमेरिकेत बसमधून गावोगाव फिरून गात होती. सुनेनं शिकागोच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली होती. बाळंतपणानंतर ती प्रथमच कुठे जाणार होती. टीव्हीवर मला ती पोर फार दमलेली दिसायची.

कार्यक्रमाला चार दिवस असताना मुलगा म्हणाला, "शो कॅन्सल. सगळा दौराच सोडून बाईसाहेब घरी गेल्या."

"अशी कशी गेली यार! लोकांनी सुट्ट्या काढल्यात!" सून चिडली.

मी कणीक मळत होते. तोंडून निघून गेलं, "आईची आठवण आली असेल."

मुलगा हसला. "आई, काँट्रॅक्ट असतं. असं मधेच उठून जाता येत नाही."

"मग माझं कुठे आहे रे काँट्रॅक्ट?"

बोलून गेले आणि मीच घाबरले.

"आधी बोलायचं ना, आई," सून हळूच म्हणाली.

मुलगा म्हणाला, "तुझं परतीचं तिकीट पुढे ढकललंय. डे-केअरमध्ये जूनपर्यंत जागा नाही. मी काय करू, तूच सांग."

तेवढ्यात बाळ उठलं, त्याला घ्यायला गेले.

त्या गाणारीनं पुढच्या वर्षी नवी गाणी काढली. सुनेनं रागावूनसुद्धा ती घेतली.

लेकीचं बाळंतपण त्याआधीच, मी ट्रॉयला असतानाच, तिच्या सासूबाईंनी केलं. एका सकाळी फोन आला. "आई, ऐक," म्हणून तिनं तो तान्ह्याच्या तोंडाशी धरला. माझ्या कडेवरचाही रडायला लागला. "ऐकू येतंय ना?" लेक विचारत होती. मी नुसतं हो म्हटलं. पलीकडच्या खोलीत सुनेची मीटिंग चालू होती, म्हणून याला घेऊन मी न्हाणीघरात गेले आणि दार लावलं.