वडील बसलेत ना

मुलीची सायकल विकायची ठरल्यावर मी आधी तिची किंमत काढली. नवी घेतली तेव्हा साडेअकरा हजारांची होती. मुलगी आठवीत होती तेव्हा घेतली, आता ती अकोल्याला शिकायला गेली. मागचा टायर बदललेला, गियरची एक तार नवी, सीट एका बाजूला उसवलेली. दर वर्षाला किती कमी धरायचं ते धरून चार हजारांवर आलो. मी मेहकरला एका कृषी केंद्रात हिशेब पाहतो, त्यामुळे जुन्या मालाला भाव लावायची सवय आहे. बायको म्हणाली, "चार कोनी देत नाई. तीन म्हना." मी मोबाइलवर जाहिरात टाकली त्यात चारच लिहिले आणि खाली लिहिलं, 'घासाघीस नको.'

एक नियमही ठरवून ठेवला होता. येणारा माणूस अनोळखी असणार आणि चालवून पाहायला मागणार. तेव्हा त्यानं मोबाइल नाहीतर आधार कार्ड आपल्याकडे ठेवावं, मगच सायकलला हात लावावा.

"तोंडावर मागता येईन का तुमाले?" बायकोनं विचारलं.

"त्यात काय? व्यवहार आहे," मी म्हणालो.

रविवारी सकाळी एकाचा फोन आला आणि थोड्याच वेळात दारात ऑटो थांबला. पंचविशीचा एक तरुण उतरला. त्यानं आत हात घालून एका म्हाताऱ्या माणसाला उतरवलं. धोतर, पांढरी टोपी. म्हातारा पायानं जमीन चाचपत होता. "बाबा, पायरी हाय. हळू. अजून एक हाय," असं म्हणत तरुणानं त्यांना ओट्यावर बसवलं, टोपी सावलीत येते की नाही ते पाहिलं, मग माझ्याकडे वळला. मी मनात म्हटलं, मुलगा चांगला आहे.

आमच्याकडे दारात म्हातारं माणूस आलं की आधी पाणी देतात. हा कोण, कशाला आला, हे पाणी पिऊन झाल्यावर. बायकोनं तांब्या आणला, मग चहा आणला. पेला हातात देताना तिनं विचारलं, "पोरगा का हो, बाबा?"

"हाव, पोरगाच म्हना माय," ते म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सायकलीपाशी तरुणानं मला सांगितलं, "वडिलाचं मोतीबिंदूचं आपरेशन हाय, काका. इथूनच दवाखान्यात नेतो. बहिनीची शाळा लांब पडते, म्हनून सायकल पाह्यतो." त्यानं ब्रेक दाबून पाहिले, मागचं चाक उचलून फिरवलं, साखळीला बोट लावून तेल पाहिलं. मी त्याचे हात पाहत होतो. साडेतीन म्हणाला. मी चार म्हणजे चार म्हणालो, पण पंप आणि कुलूप वरून देतो. त्यानं फार ताणलं नाही.

"एक चक्कर मारून पाह्यतो."

मी नियम सांगायला घसा साफ केला, तेवढ्यात त्यानंच खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. "हा ठेवा तुमच्यापाशी. तुमालेबी भरोसा पाह्यजे."

मी ओट्याकडे पाहिलं. बाबा दोन्ही हातांनी पेला धरून चहा फुंकत होते. बापानं आपल्या दारात चहा प्यायचा आणि आपण त्याच्यादेखत मुलाचा मोबाइल गहाण ठेवून घ्यायचा, हे मला फार हलकं वाटलं.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "वडील बसलेत ना."

त्यानं मोबाइल परत खिशात टाकला. "आलोच, बाबा."

"ये," बाबा म्हणाले.

मी पंप पुसला. कुलूप आणि दोन्ही किल्ल्या ओट्यावर मांडून ठेवल्या. वळणापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ झाला, मग महामार्गापर्यंत जाऊन यायला लागेल तेवढा झाला. त्याचा फोन लावला तर बंद. मी स्कूटर काढून महामार्गावर गेलो, पंक्चरवाल्याला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. हिरव्या रंगाची सायकल कोणी पाहिली नव्हती.

परत आलो तेव्हा बाबा तसेच बसले होते.

"आला का तो? माही थैली त्याच्यापाशी हाय," ते म्हणाले.

"तुमच्या मुलाचा फोन बंद आहे."

"पोरगा पुन्याले हाय, साहेब. कंपनीत."

मी ओट्यावर बसलो.

मग एकेक विचारून घेतलं. बाबा दुसरबीडचे. डोळ्यांच्या शिबिरात नाव लागलं होतं. नाव लागलेल्या माणसांना इथला दवाखाना दुपारी गाडीनं बुलढाण्याला नेतो, डोळ्याचं ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी आणून सोडतो. सोबत घरचं माणूस लागतं, सही करायला. पुण्याच्या मुलाला रजा मिळाली नाही. सून मजुरीला. म्हणून बाबा एकटेच एसटीत बसून आले होते. स्टँडवर हा तरुण भेटला, कुठं जाता म्हणून त्यानं विचारलं, थैली हातातून घेतली. "मी होतो तुमचा पोरगा, सहीले काय लागते," असं म्हणाला. फक्त आधी त्याचं एक काम होतं.

"मग माझ्या बायकोला पोरगा म्हणून कशाला सांगितलं?" माझा आवाज चढला होता.

"दवाखान्यात तसंच सांगाचं होतं ना. मले वाटलं, आतापासूनच सांगावं. नाईतं तिथी चुकन."

तोवर शेजारचे गिरणीवाले येऊन उभे राहिले होते. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. सगळं ऐकून ते मला म्हणाले, "भाऊ, म्हाताऱ्याले सोडू नका. हे असेच जोडीनं फिरतात. म्हातारा बसवाचा अन् माल उचलाचा. अन् तुमी च्या पाजून राह्यले!"

"मले काऊन धरता बाप्पा?" बाबा म्हणाले. "मी तं बसलोच हाय."

"दिसाले कसा होता तो? ते सांगा."

"दिसलं असतं तं आपरेशनले कायले आलो असतो?"

गिरणीवाले हसले. मला हसू आलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, शर्ट कोणत्या रंगाचा होता? मी पांढरा म्हणालो, बायको आकाशी म्हणाली. मिशा होत्या का? माझ्या डोळ्यांपुढे त्याचं साखळीला लावलेलं बोट आलं, तोंड काही केल्या आलं नाही. सायकलीच्या सांगाड्यावरचा नंबर मला पाठ आहे. त्याच्या खांद्यावर थैली होती का, हे मात्र मला सांगता येईना.

"होती," बायको म्हणाली.

"वैनी, तुमी पाह्यली का?"

"असन ना. नसन तं बाबा कायले म्हनतीन?"

म्हणजे तिनंही पाहिली नव्हती. मी बाबांकडे पाहत राहिलो. एक घटका मला वाटे, हा माणूस माझ्यापेक्षा जास्त लुटला गेला आहे. लगेच वाटे, गिरणीवाले म्हणतात तेच खरं, आणि आता आपण स्वतःच्या हातानं याला सोडून देणार. दोन्ही बाजूंना सारखंच वजन पडत होतं.

"साहेब," बाबा म्हणाले, "गाडी दोन वाजता जाते. मले तिथलोक सोडा. एक डोळा तं गेलाच हाय, हा दुसरा हाय. मंग पोलिसात न्या, कुठंई न्या."

पोलिसात आधी गेलो असतो तर त्यांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं असतं, हे मला कळत होतं. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. मागून गिरणीवाले ओरडले, "आता स्कूटरबी देऊन या त्याले!"

दवाखान्याच्या खिडकीत एक बाई यादी घेऊन बसल्या होत्या. बाबांनी नाव सांगितलं. यादीत ते होतं, समोर फोटोही होता. म्हणजे निदान एवढं खरं होतं. कागदपत्रं थैलीबरोबर गेली, असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "चालन. फोटो हाय ना." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"इथी नातेवाइकाची सही करा. तुमी मुलगा का?"

मी उभा होतो तिथून थोडं बाजूला, जिथं मी असेन असं बाबांना वाटलं तिथं, त्यांनी तोंड वळवलं.

आयुष्यात मी न तपासलेल्या कागदावर सही केलेली नाही. दुकानात मालक घाईत असले तरी मी बेरीज पुन्हा करूनच खाली सही करतो. आणि मी यांचा मुलगा, हेच आज सकाळी माझ्या दारात एकानं म्हटलं होतं. गिरणीवाल्यांचं बोलणंही डोक्यात होतं. उद्या या माणसाचं काही वेगळंच निघालं, तर त्याचा मुलगा म्हणून माझी सही. हे सगळं मी तेव्हा सावकाश विचार करून ठरवलं असं नाही. तोंडातून आलं ते आलं.

"नाही," मी म्हणालो. "मी यांचा कोणी नाही."

आणि मग सायकलीपासून सगळं सांगायला लागलो. बाईंनी ऐकून घेतलं. माझं बोलणं चालू असतानाच त्यांनी पेन उचलून आपल्याकडे घेतलं.

"मंग नाई जमत. घरचं मानूस लागते. बाबा, पुढच्या शिबिराले पोराले घेऊन या."

मी ओळखीचा म्हणून सही करतो म्हणालो. शेजारी म्हणून चालेल का विचारलं. मुलाला फोन लावा म्हणालो, तर मुलाचा नंबर थैलीतल्या चिठ्ठीवर होता. शेवटी बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मी इचारलं होतं ना तुमाले?"

त्यांनी विचारलं होतं. आता त्यांना ते परत विचारता येत नव्हतं आणि मला परत सांगता येत नव्हतं.

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. गाडी निघाली, घरची माणसं खिडक्यांपाशी धावत काही सांगत होती.

"गेली का?" बाबांनी विचारलं.

"गेली."

स्टँडवर मी त्यांना दुसरबीडवरून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या एसटीत बसवलं. त्यांच्या वयाला तिकीट लागत नाही, पण ते दाखवणारं कार्डही थैलीतच. मी तिकीट काढून त्यांच्या मुठीत दिलं. भूक लागली का विचारलं, तर म्हणाले, आपरेशनच्या दिवशी कमीच खावं म्हणतात. मग त्यांना आठवलं. मी केळी आणून दिली.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

"तुमी कायले खोटं बोलाचं, साहेब. बरोबर केलं तुमी."

हे त्यांनी मनापासून म्हटलं की मला मोकळं करायला म्हटलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पुढच्या शिबिराला मी येतो," मी म्हणालो. "सही करतो."

"या," ते म्हणाले. सकाळी त्या तरुणाला 'ये' म्हणाले होते, त्याच आवाजात.

तिथून पोलिसात गेलो. हवालदारांनी विचारलं, "तुमीच चालवाले देली ना?" मी हो म्हणालो. संशय कोणावर? कोणावर नाही. साक्षीदार? बाबांचं पूर्ण नाव मी खिडकीवर ऐकलं होतं. "कोणी नाही," मी म्हणालो. अर्जावर त्या तरुणाचा बंद नंबर लिहिला, तो अर्ज त्यांनी ठेवून घेतला.

घरी बायकोनं सायकलीचं विचारलंच नाही. "झालं का बाबाचं?" म्हणाली. मी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं.

"मंग म्हनाचं होतं ना, पोरगा हाय म्हनून. मी असती तं लेक म्हनून सही केली असती."

मुलीला फोनवर सायकल चोरीला गेली एवढंच सांगितलं. "जाऊ द्या, बाबा, जुनीच होती," ती म्हणाली.

मधल्या काळात दुसरबीडला जाऊन यावं असं बरेचदा मनात आलं. गाव काही लांब नाही. पण मेहकरचा एक माणूस येऊन अमुक म्हाताऱ्याची चौकशी करतो, म्हटल्यावर गाव विचारणार, कशाबद्दल? काहीही सांगितलं तरी शेवटी सायकलीचं निघालं असतं आणि बाबांच्या नावाला ते चिकटलं असतं. आणि खरं सांगायचं तर, असा कोणी माणूस इथं नाही, असं उत्तर मिळेल याचीही भीती होती. मी गेलो नाही.

पुढच्या शिबिराचा दिवस मी खिडकीवर विचारून ठेवला होता. त्या दिवशी दुकानातून सुटी घेतली. दवाखान्याच्या फाटकाशी सकाळपासून उभा राहिलो. सिंदखेडराजाकडून येणारी प्रत्येक एसटी आली की स्टँडवरून माणसं चालत यायची. टोपी, धोतर, कोणीतरी हात धरलेला. दरवेळी मी दोन पावलं पुढे जायचो. गाडीची वेळ झाली तेव्हा मी आत गेलो. खिडकीत त्याच बाई होत्या. मी बाबांचं नाव सांगितलं.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "हाय. मागचंच नाव पुढं घेतलं. सोबत कोन?"

"मी. मुलगा."

त्यांनी कागद पुढे केला, पेन दिलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"पेशंट कुठी हाय?"

मी फाटकाकडे पाहिलं. शेवटची एसटी येऊन गेली होती. पेन माझ्या हातात होतं.

"येतील," मी म्हणालो.

"पेशंटच नाई तं सही काय कामाची, दादा? बाजूले व्हा. मांगं लाइन हाय."

मी बाजूला झालो.