जलनगरीचं शेवटचं चित्र

पुण्याहून आलेल्या माणसानं चित्रांचे पुठ्ठे पलंगावर मांडले आणि आधी स्वतःचे हात रुमालानं पुसले. बंद पडलेल्या आनंदनगऱ्यांमधल्या खेळांची मूळ चित्रं जमवायचा त्याला नाद. आमच्या ‘जलनगरी’ची चित्रं मी उदगीरच्या घरात लोखंडी पेटीत ठेवली होती. ठेवली म्हणजे, फेकायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या चित्राशी तो थांबला. “ही निळी फुली कुणी मारली?”

“चित्रकारानंच,” मी म्हणालो.

खोटं. फुली माझी.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस नव्हता. जिल्ह्याच्या गावाला करमणूक पाहिजे म्हणून मामांनी मैदान घेतलं. ताडपत्री अंथरलेल्या चरात टँकरचं पाणी, त्यात दोरानं ओढायच्या नावा, दोन्ही अंगांना पडद्यावर समुद्र. तो समुद्र मैदानामागच्या गल्लीतल्या पेंटर चाचांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, तरी मासे, शंख, बुडालेलं जहाज, सगळं आधी पुठ्ठ्यांवर काढून आणलं. शेवटच्या पुठ्ठ्यावर बाहेर पडायची वाट होती. तिथं रांजण, आणि तांब्या घेऊन उभी बाई.

“हे काय, चाचा?” मी विचारलं.

“एवढं पाणी बघून घसा सुकंल ना, बेटा. घोटभर द्या लोकांना. टँकर तर येऊनच राहिला.”

मामा हसले. “चाचा, तिकीट नावंचं हाय, पाण्याचं न्हाई.”

मी शेजारचा ब्रश उचलला आणि बाईवर, रांजणावर फुली ओढली. मला धंदा कळतो हे मामांना दिसायला पाहिजे होतं. चाचांनी हात पुढं केला. ब्रश माझ्या हातातून घेतला आणि फडक्याला पुसला. धुवायला पाणी कुठं होतं.

खेळ सुरू झाला तशी कुंपणाखालून माणसं चरातलं पाणी न्यायला घागरी घेऊन यायला लागली. “काय तरी कर,” मामा म्हणाले. मी चाचांकडं गेलो. पडद्याचा रंग उडालाय, थोडी निळी भुकटी द्या, म्हणालो. त्यांनी पुडा भरून दिला. “कमी पडली तर ये,” म्हणाले.

ती सगळी मी चरात ओतली.

तिकीट काढलेले लोक खूश झाले, समुद्र खरा वाटतो म्हणून. घागरी बंद झाल्या. मामांनी पाठ थोपटली. पुढं टँकरच मिळेना आणि खेळ मोडला. चाचाही काही वर्षांनी गेले.

पुण्याच्या माणसाला चाचांच्या घरच्यांची परवानगी हवी होती. त्यांची मुलगी नांदेडला शिक्षिका आहे. मी गेलो. परवानगी मागायच्या आधी फुलीचं सांगितलं, मग भुकटीचं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तिनं कप माझ्याकडं सरकवला. “चहा गार होऊन राहिला, काका,” म्हणाली. मग म्हणाली, “भुकटीचं आम्हाला ठाऊक हाय. अम्मी पहाटंच्या अंधारात घागर घेऊन गेलती. रंग दिसला न्हाई तिला. कोपरापर्यंत निळी होऊन आली. ते पाणी फडक्यातून गाळलं, परत गाळलं. अब्बांनी तिचे हात बघितले अन् म्हणाले, ये तो मेरा रंग है.”

मी कप खाली ठेवला.

“लई दिवस ब्रश धरला न्हाई त्यांनी. फुलीचं मात्र घरी कधी बोलले न्हाईत. ते आज तुमच्याकडून कळलं.”

“मी आता काय करू?”

“चित्रं द्या त्यांना. फुली पुसू देऊ नका. खाली लिहा कुणाची ते. नाव घालून.”

मी माफी मागितली नाही. तिनं तेवढी जागाच ठेवली नव्हती.

बसस्टँडवरून पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो मला दोन शब्द सुनावेल. तो हरखला. “अहो, मग हे चित्र पहिलं लावू. अशा गोष्टीनं चित्राला वजन येतं.” मग त्यानं फुलीखाली लिहायला माझं नाव विचारलं.

मी पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट.