वर्षाचं की महिन्याचं

आमच्या घरात महिन्याचं काही आणत नाहीत. ज्वारी, गहू, तूरडाळ, मिरची, सगळं उन्हाळ्यात एकदाच भरायचं, कडक वाळवायचं, कोठीत टाकायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निवांत राहायचं. बाबांचं लातूरला किराणा दुकान होतं. महिन्याचा माल पुड्यांत बांधून नेणारं गिऱ्हाईक गेलं की ते हळहळायचे, बिचाऱ्याच्या घरात कोठी नाही म्हणायचे. त्यांच्या लेखी त्याहून मोठी गरिबी नव्हती. आम्हा दोघी बहिणींच्या अंगात हे असं मुरलं की साबणाची एक वडी सुटी घ्यायची वेळ आली तरी मला लाज वाटते.

मला लातुरातच दिलं, धाकटीला नांदेडला. तिचा नवरा धर्माबादला मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहितो. त्याला आम्ही पाहुणे म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी ते आपले पाहुणेच. दर चैत्रात आमची वर्षाची मिरची घेऊन येतात आणि चहा झाला की लगेच उठतात.

धाकटी बाळंतविडा शिवायची. कुंची, टोपडं, अंगडं, दुपटं, सगळं हातानं. त्यातही कुंची तिची. डोक्यावरून पाठीवर उतरणारी, गळ्यापाशी नाडीनं बांधायची, शेंड्याला रेशमाचा गोंडा. खणाच्या कापडाची कुंची तिनं केली की आजूबाजूच्या बायका नुसतं हात फिरवायला यायच्या. तिला स्वतःला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग तिनं एक दिवस सगळं बंद करून शिलाई मशीन आणली. मी तिला म्हटलं होतं, अगं, पिशव्या शीव, ब्लाउज शीव, हेच कशाला? तर म्हणाली, मला हेच येतंय.

तिचा एक नियम होता. बाळ झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. आमच्याकडं तसंही पोटातल्या बाळासाठी काही आणून ठेवत नाहीत, पण दुकानदार काही ते पाळत नाही, त्याच्या फळीवर टोपडी रचलेलीच असतात. ही पाळायची. नायगावहून, उमरीहून फोन यायचे, सातवा लागलाय, आत्ताच सांगून ठेवतो. ती गोड बोलून परत पाठवायची. बाळ होऊ द्या, मग फोन करा, बारशाच्या आत पोचवते. आणि पोचवायचीही. रात्रंदिवस बसायची, पण पोचवायची.

वेबसाइटचं खूळ तिच्या डोक्यात एका प्रदर्शनातून आलं. बचत गटांचे स्टॉल लागले होते, मी तिच्यासोबत बसले होते. एका बाईनं कुंची पसंत केली, भाव ठरला, पिशवी काढली आणि सहज विचारलं, तुम्हाला किती मुलं? धाकटीनं सांगितलं. त्या बाईनं कुंची हळूच परत ठेवली. फिरून येते म्हणाली. मला असा संताप आला की मी उठलेच होते, धाकटीनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. येताना रिक्षात म्हणाली, अक्का, असं दुकान पाहिजे जिथं कुणी काही इचारत न्हाई.

आता घरात कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटी. नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलाचं मशीन मी चालवते, तेवढ्यावर सगळं खानदान मला इंजिनिअर समजतं. मी म्हटलं, बघू, दिवाळीनंतर निवांत बसू. दिवाळी झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवून पाहुण्यांना आणि मला आत बोलावलं. काय म्हणाले ते मी लिहीत नाही. पुढचा उन्हाळा निघाला तर खूप झालं, असा त्याचा अर्थ होता.

आपल्याकडं पेशंटला सांगत नाहीत. आम्हीही नाही सांगितलं. बाहेर येऊन पाहुणे तिला म्हणाले, आतड्याला सूज हाय, औषधानं उतरंल. मी मान डोलावली. ती म्हणाली, मग चला की, भूक लागली. आम्ही तिघांनी समोरच्या हॉटेलात इडली खाल्ली.

परत आल्यावर तिनं वेबसाइटचं लावून धरलं. मीही जोमानं लागले. दुसरं करण्यासारखं हातात काय होतं? दुकानातला लॅपटॉप घेऊन मी दर आठवड्याला नांदेडची एसटी धरायची. ती दिवाणावर पाय पसरून हातशिलाई करायची आणि मी शेजारी बसून एकेक कंपनीची फुकट चाचणी उघडायची. त्या जाहिराती सगळ्या खोट्या. म्हणे दहा मिनिटांत तुमचं दुकान उभं. दहा मिनिटांत आमचं नाव मराठीत उमटेना. पहिल्या परदेशी सॉफ्टवेअरची पानं अशी देखणी की नजर हटू नये, पण कुंची लिहिलं की अनुस्वार उडून भलतीकडं बसायचा. दुसऱ्यात माल घरी पोचल्यावर पैसे घ्यायची सोयच नव्हती, आणि आमची आजीबाई गिऱ्हाइकं काय कार्ड वापरणार? तिसऱ्याचा माणूस पुण्याहून रोज फोन करायचा. आधी मॅडम, मग ताई, शेवटी मावशीवर आला. तो म्हणाला, स्टॉक किती टाकू? मी म्हटलं, शून्य. म्हणाला, शून्य टाकलं की साइट सांगते माल संपला. मी म्हटलं, अहो, संपला नाही, अजून झालाच नाही. त्याच्या काही हे पचनी पडेना.

धाकटीच्या अटी दोनच होत्या, पण त्यांनी मला बेजार केलं. पहिली, ऑर्डरच्या आधी साइटनं विचारलं पाहिजे, बाळ झालं का? नाही म्हणाले तर ऑर्डर पुढं जायची नाही. पुण्याचा माणूस हसला, आलेलं गिऱ्हाईक परत घालवणारं दुकान मी पहिल्यांदाच बघतोय म्हणाला. दुसरी अट म्हणजे आमच्याविषयी हे पान नको. ते पान तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आधीच मांडून ठेवलेलं. हसऱ्या बाईचा फोटो, कडेवर लेकरू, खाली लिहिलेलं, इथे तुमची गोष्ट सांगा. ती एकदा नुसती बघत राहिली त्या फोटोकडं. मग सुई उचलली. मी ते पान पुसता येईल असं सॉफ्टवेअर शोधत राहिले, आणि संक्रांतीच्या सुमाराला एक साधंच, दिसायला बेताचं, पण दोन्ही अटी मानणारं सापडलं. मराठीही नीट उमटत होतं. ऑर्डर थेट तिच्या मोबाइलवर जाणार होती. ती खूश झाली, मला म्हणाली, अक्का, तू खरंच इंजिनिअर हायस.

मग शेवटचं पान आलं. योजना निवडा. महिन्याची की वर्षाची? वर्षाची बरीच स्वस्त पडत होती, तिच्याभोवती हिरवी चौकटसुद्धा होती. तीन वर्षांची तर त्याहून स्वस्त. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिच्या अंगाला औषधांचा वास येत होता. मी महिन्याच्या योजनेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, आधी महिन्याचं घेऊ, कसं चालतंय बघू.

झालं. दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. लोक घेतातच की महिन्याचं. पण आम्ही एका कोठीचं धान्य खाल्लेल्या बहिणी. मी, जी साबणाची वडी सुटी घेत नाही, ती जास्तीचे पैसे मोजून महिन्याचं घ्यायला निघाले होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मला नजर उचलता येईना. बाहेर भांडीवाला ओरडत गेला.

"वर्षाचं घे," ती म्हणाली. "मी हाय तवर मी वापरते. उरलेलं तू वापर."

मी रडायला लागले. तिनं माझ्या मांडीवरून लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला, पाणी आणून दिलं, आणि मी पीत असताना एवढंच म्हणाली, "ह्यांना सांगू नको, मला कळलंय म्हणून. त्यांना लई जड जाईल." म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवत होतो, आता ती नवऱ्यापासून लपवणार, आणि मधे मी. मला तिचा राग आला. अशी शहाणी असू नये माणसानं. आरडाओरडा करायचा होतास, माझ्या झिंज्या धरायच्या होत्यास, मला का नाही सांगितलं म्हणून भांडायचं होतंस. तिनं उलट माझा चष्मा पुसून दिला.

साइट सुरू झाली. ऑर्डरी येऊ लागल्या, फार नाही, पण उदगीरहून, परभणीहून, एक तर थेट बेंगळुरूहून. कुणी काही विचारत नव्हतं. बाळ झालं का, एवढंच साइट विचारायची आणि लोक हो म्हणायचे. फोन वाजला की धाकटीचा चेहरा उजळायचा, म्हणायची, अजून एक आलं बघ जगात. पाहुणे समोर बसून सूज उतरत चालली म्हणायचे. ती म्हणायची, हो, आज बरंच बरं वाटतंय. मी दोघांच्या तोंडाकडं बघत बसायची.

फाल्गुनात गेले तेव्हा ती मशीनवर होती. खूप वाळली होती, आम्ही लिंगायत, तिच्या गळ्यातलं इष्टलिंग पोलक्यावर उठून दिसायचं. समोर हिरवा खण कापलेला. मी विचारलं, कुणाची ऑर्डर? मशीन न थांबवता म्हणाली, तुझ्या लेकीची.

माझ्या पोरीला तेव्हा पाचवा संपायचा होता. माझी पोर म्हणजे जवळजवळ हिचीच, सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मावशीकडं गेलेल्या. मी तिच्यावर ओरडले. इतक्या लोकांना परत पाठवलंस, आणि आता माझ्याच पोरीच्या वेळी नियम मोडतेस? काही वेडंवाकडं झालं तर? बोलले आणि जीभ चावली. तिनं मशीनवरचे पाय थांबवले.

"अक्का, मला तवर थांबणं जमायचं न्हाई गं."

मी खाली तिच्या पायाशी बसले. ती म्हणाली, पुरी न्हाई करत मी, शेवटचं बाकी ठेवते. अर्धवट काम म्हणजे केल्यात जमा न्हाई. ही तू नेऊ नको, इथंच राहील, ह्यांच्यापशी. बाळ झालं की तू साइटवर ऑर्डर टाक, सगळ्यांसारखी, रीतीनं. ऑर्डर आली की हे पोचवतील. मी विचारलं, म्हणजे पाहुण्यांना सांगितलंस? तर म्हणाली, सांगावंच लागलं. लई रडले ते. मग जेवले.

वैशाखात ती गेली. गच्चीवर गहू वाळत घातला होता तेव्हा फोन आला. तिला माती देऊन आम्ही घरी परत आलो, तर मशीनवर कापडाचे हिरवे तुकडे तसेच पडलेले. त्या वर्षी मिरची आली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा बाजारातून पावशेर तिखट पुडीत बांधून आणलं.

श्रावणात पोरीला मुलगी झाली. दवाखान्यातून सगळ्यांना फोन झाले, पेढे झाले, आणि मी बाहेर पायरीवर येऊन मोबाइलवर ती साइट उघडली. तिची साइट चालूच होती. वर्ष अजून भरायचं होतं. मी कुंचीवर बोट ठेवलं. पान आलं. बाळ झालं का? मी हो दाबलं. मग नाव, पत्ता, सगळं नीट भरलं आणि पाठवलं. तिचा मोबाइल पाहुणे रोज चार्ज करून ठेवतात, मला माहीत होतं. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला. म्हणाले, ऑर्डर आलीय. मी म्हटलं, हो. म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं येतो.

आले. चहा झाला, पण या खेपेला ते लगेच उठले नाहीत. बाळाच्या पाळण्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून पुडकं काढून माझ्या हातात दिलं. हिरव्या खणाची कुंची, आतून जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर, नाड्या लावलेल्या. गोंडा तेवढा वेगळा, कागदात गुंडाळलेला. शेंड्याची जागा रिकामी. तो गोंडा मलाच लावायचा होता. मला शिवता येत नाही हे तिला माहीत होतं. सुईत दोरा ओवताना चष्मा लावूनही मला भोक दिसत नाही, हेही ती जाणून होती. लहानपणापासून माझी सुई तीच ओवून द्यायची. मी चष्मा शोधायला उठले आणि पाहुणे म्हणाले, थांबा, अजून एक हाय त्यात. पुडक्याच्या तळाशी चिंधीत टोचून ठेवलेली सुई होती. तिनं दोरा ओवून ठेवला होता.