शांत हात

आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा शेळीला लस टोचायला डॉक्टर आले होते. शेळी बुजली. आईने तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवला, कानामागे हळूहळू खाजवलं, आणि शेळी निवांत झाली.

"तुझ्याही हाताला हा गुण आहे," आई कौतुकाने म्हणाली. मी मान खाली घातली.

फार्मसी कॉलेजात असताना आम्ही सशाच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून बाहुली किती मोठी होते ते बघायचो. इतरांच्या हातात ससे लाथा झाडत.

"शेळीवाल्याकडे द्या रे," मुलं हसत म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. माझं गावाकडचं काहीतरी तिथे पहिल्यांदाच कामाला येत होतं. मी तळव्याखाली सशाला शांत करायचो आणि मग तोच डोळा बोटांनी उघडून धरायचो.

आईनेही सुईसाठीच डोळे झाकले होते. पण ती सुई शेळीच्या भल्याची होती.

परवा प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांचा फोन आला. "ससे बंद झाले बाबा. पोरं आता संगणकावरच बघतात. शेवटचा ससा मी घरी आणलाय."

"कसा आहे?" मी विचारलं.

"खातोपितो. फक्त कुणी प्रेमानं हात पुढे केला, की डोळे घट्ट मिटून घेतो."