उंच खाट, वेगळी चूल

आमच्या गारखेड्यातल्या अर्ध्या कॉलनीच्या समुद्राच्या सहली मी ठरवून दिल्या आहेत. पैसे घेत नाही, पण तोरा पुरेपूर मिरवते. समुद्र आमच्यापासून अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. पहाटे निघालेला माणूस घाट उतरून संध्याकाळी तिथं टेकतो आणि मग खोलीत नळाला पाणी नसलं की तो रडकुंडीला येतो. म्हणून लोक आधी मला विचारतात.

मी फोटोंवर विश्वास ठेवत नाही. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण समुद्राकाठच्या खोल्या बघूनच कोणाला तरी सुचली असावी. 'समुद्र दिसणारी खोली' म्हणजे पुष्कळदा गच्चीवरच्या टाकीपाशी उभं राहून मान वाकडी केली की दिसणारी निळी रेघ. किनारा पाच मिनिटांवर आहे म्हणाले की मी विचारते, कोणाची पाच मिनिटं? तुमच्या मोटरसायकलची की माझ्या गुडघ्यांची? नवं जोडपं जाणार असेल तर समुद्राचं मी फारसं बघतच नाही. दाराची कडी आतून नीट लागते का आणि शेजारच्या खोलीत लेकुरवाळं बिऱ्हाड नाही ना, तेवढं विचारते. बायकांचा ग्रुप असेल तर पलंग मोजत बसू नये, बाथरूम मोजावीत. बारा बायका आणि दोन बाथरूम म्हणजे सकाळी नऊला भांडण ठरलेलं. आणि घरची सगळी माणसं जाणार असतील तर स्वयंपाकघर कोणाच्या हातात आहे ते बघायचं. लहान मुलाला संध्याकाळी सातला मऊ वरणभात मिळेल का, असं विचारल्यावर जी बाई पटकन हो म्हणते तिच्याकडे जावं.

एवढं सगळं मला येतं. पण माझ्या स्वतःच्या सासूला मला समुद्रावर नेता आलं नाही. नेता आलं नाही हे खोटं आहे. मी नेलं नाही.

आई सोयगावच्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या शेवटपर्यंत. गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे मांस-मासळी तर सोडाच, मासळीचं पातेलं ज्या चुलीवर चढतं त्या चुलीवरचा चहाही त्यांना चालत नसे. सगळ्या आयुष्यात त्यांनी मोठं पाणी एकच बघितलं होतं, पैठणचा नाथसागर. टीव्हीवर समुद्र दिसला की विचारायच्या, "नाथसागराएवढा असंल का गं?" मी म्हणायचे, "त्याच्यापेक्षा मोठा, आई. पलीकडचा काठच दिसत नाही." "काठ नाय? मंग पाणी राहतं कुठं?" असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या.

एका वर्षी त्यांनी ठरवलंच. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या म्हणाल्या, "मला एकडाव समुद्र दाखव बाबा. लई नाय, दोन दिस." ह्यांनी जबाबदारी अर्थातच माझ्याकडे सरकवली. मी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर आई सांगतील ते लिहून घेतलं. जिना नको. संडास खुर्चीचा पाहिजे. खाट उंच पाहिजे, बुटक्या खाटेवरून गुडघे उठू देत नाहीत. चूल वेगळी आणि भांडी वेगळी. शेवटी त्यांनी विचारलं, "सूर्य उगवताना पाण्यातून येतो का?" मी म्हटलं, "आपल्याकडचा समुद्र पश्चिमेला आहे, आई. तिथं मावळतो." "मंग सकाळी काय बघायचं?" त्या खरोखर विचारात पडल्या. ते पान मी फ्रीजवर चुंबकानं लावलं.

मी दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि दापोलीच्या पुढं एका गावात एक बाई सापडल्या. त्या घरातल्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. मी एकेक अट वाचून दाखवली. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच ना? आजींना घेऊन या हो. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडते, भांडी नवी काढते. खाटेखाली विटा लावू." मी त्यांचा नंबर त्याच पानाच्या तळाशी लिहिला.

आणि जेवताना मी आईंना सांगितलं, "चौकशी केली हो. तिथं माळकऱ्यांची सोय नाही."

का सांगितलं असं? आई वाईट नव्हत्या. कटकटीही करत नसत. पण वर्षभर सकाळी सहाला उठून दोन डबे, ऑफिस, संध्याकाळी त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, आणि मला वर्षातले ते चार दिवस माझ्यासाठी हवे होते. त्या चार दिवसांत मला कोणाच्या गुडघ्यांचा विचार करायचा नव्हता. एवढं साधं आणि एवढं क्षुद्र कारण होतं. आई म्हणाल्या, "नसंल तर राहू दे," आणि भाकरी मोडली. त्या उन्हाळ्यात मी आणि हे दोघंच दुसरीकडे जाऊन आलो. पुढल्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर गेले.

गंमत अशी की दर वर्षी मी त्या दापोलीकडच्या बाईंना फोन करतच राहिले. पुन्हा त्याच अटी, पुन्हा तेच प्रश्न. खरं तर मला त्यांच्या तोंडून एकदा 'नाही' ऐकायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझं खोटं खरं झालं असतं. पण बाई दर वर्षी म्हणायच्या, "अहो, सांगितलं ना, होईल सगळं. कधी येताय?" मी म्हणायचे, कळवते. आणि आईंना सांगायचे, या वर्षीही सोय नाही. ह्यांनाही तेच. नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत, आणि अंगण बिचारं सरळच होतं.

एकदा दुपारी मी ऑफिसातून लवकर घरी आले. आई बाल्कनीतल्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांचा बटणांचा छोटा फोन कानाला लावलेला. बोलत काहीच नव्हत्या. डोळे मिटलेले. मी चिडवलं, "कोणाचं भाषण चाललंय आई? बॅलन्स संपेल ना." त्यांनी डोळे न उघडता हात हलवला. "थांब जरा. ऐकू दे गं." मला वाटलं, कंपनीवाल्यांची कसली तरी टेप लागली असेल. मी चहा टाकायला आत गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी आई गेल्या.

फ्रीजवरचं पान मी काढलं नाही. काढायला हात लावला की मला मागून माळेचे मणी एकमेकांवर घासल्याचा आवाज यायचा. तो आवाज मला वीस वर्षं ओळखीचा होता, त्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. वळून बघावं तर कोणी नाही. आणि खोल्या ठरवतानाही आई माझ्या खांद्यामागं उभ्या राहायला लागल्या. मी मोबाईलवर कोणासाठी तरी काही बघत असले की नेमकं विचारायच्या, "जिना हाय का?" मी कोणाशी बोलले नाही हे, लोक वेडी म्हणाले असते. पुंडलिकनगरच्या एका मैत्रिणीचा मुलगा लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघाला, त्यांची खोलीही मीच ठरवली. परत आल्यावर सूनबाई लाजत लाजत म्हणाली, "काकू, जागा छान होती. पण कमोडला धरायची दांडी आणि तळमजला कशाला हो घेतलात आमच्यासाठी?" मैत्रीण खो खो हसली. मीही हसले, आणि घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसले.

वर्षश्राद्ध झालं. या हिवाळ्यात हे एकदम म्हणाले, "आईला जायचं होतं त्याच गावाला जाऊ. तिथं तिची सोय नव्हती. आपल्याला काय, आपण कुठंही राहू." मला नाही म्हणता येईना. दुसरं गाव सुचवलं तर 'का' विचारतील. मी पानावरचा नंबर बघून फोन लावला. बाईंनी आवाज ओळखला. "आलात का एकदाच्या! आजी येताहेत ना?"

'त्या गेल्या' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण इतकी वर्षं या बाईशी मी आईंच्या नावानं बोलत होते, आणि आता त्या नाहीत म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आणल्या का नाहीत? मी म्हटलं, "हो. तीन माणसं." फोन ठेवला आणि घरात माळेचा आवाज झाला. या खेपेला मी वळून बघितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तळमजल्याची खोली. खोलीत तीन खाटा, त्यातली एक चार विटांवर चढवलेली, शेजारी पाय टेकायला पाट. न्हाणीघरात भिंतीला नवी दांडी. मागच्या पडवीत शेणानं सारवलेली चूल, तिच्याशेजारी स्टीलची कोरी भांडी उपडी घातलेली. समुद्र दिसत नव्हता, पण नारळीच्या वाडीमागून त्याचा आवाज येत होता, थांबत नव्हता.

हे दारातच उभे राहिले. विटांकडे बघत होते. "इथं तर सगळी सोय आहे," ते हळू म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तीन का सांगितलंस?"

तेवढ्यात बाई पदराला हात पुसत आल्या. "आजी कुठायत? गाडीत बसल्यात का? मी हात देते."

"आई गेली," हे म्हणाले. "सव्वा वर्ष झालं." आणि चप्पल न घालताच ते वाडीतून खाली समुद्राकडे निघून गेले.

बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. मी उभीच. मला वाटलं, आता विचारतील, दर वर्षी मी हो म्हणत होते, मग आणलंत का नाही. तो प्रश्न मला हवाच होता, कोणीतरी एकदा तोंडावर विचारायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "भेट राहिली हो आमची. बोलणं तेवढं झालं."

"कोणाशी?"

"आजींशी. त्यांनी फोन केला होता मला एकदा. तुम्हाला ठाऊक नाही?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कागदावर नंबर बघून लावला म्हणाल्या. विचारलं, माझी सोय होईल का? म्हटलं, तुमच्या सूनबाईंना दर वर्षी सांगते, होईल म्हणून. मग म्हणाल्या, तिला कामं लई असतात, सवड झाली की आणील ती. तिला सांगू नका मी फोन केला ते. तिला वाईट वाटंल."

मी खाली सारवलेल्या जमिनीवर बसले.

"मग म्हणाल्या, समुद्र आवाज करतो का? म्हटलं, ऐका. दुपारची भरती होती. मी फोन घेऊन खाली गेले आणि पाण्याकडे धरला."

बाल्कनीतली खुर्ची. मिटलेले डोळे. बॅलन्स संपेल ना, आई. मला रडू आवरेना, आणि तिथं रडायचा मला काही हक्क आहे असंही वाटेना. त्यांना पहिल्यापासून नाही तरी त्या दिवसापासून सगळं माहीत होतं. त्यानंतरही मी एकदा ताटावर त्यांना सांगितलं होतं, या वर्षीही सोय नाही, आणि त्या म्हणाल्या होत्या, नसंल तर राहू दे.

मी उठले आणि खाली गेले. हे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते, पँटचे काठ भिजलेले. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सोय होती, दर वर्षी होती. मलाच त्यांना आणायचं नव्हतं. आईंना ते कळलं होतं. आणि फोनचंही सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं, ओरडायला हवं होतं. लाटा येत होत्या आणि आमच्या पायांखालची वाळू ओढून नेत होत्या.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ ऐकलं तिनं?"

ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आम्ही दोघं तसेच ओल्या पायांनी वर आलो. बाई त्या वेगळ्या चुलीपाशी बसल्या होत्या, चूल त्यांनी पेटवली होती आणि कोऱ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं होतं. मी विचारलं.

"बराच वेळ," त्या म्हणाल्या. "मधून मधून मी विचारायची, आजी, पुरे का? त्या म्हणायच्या, अजून थोडं. शेवटी माझाच हात दुखायला लागला, म्हणून मी फोन ठेवला."